डायलवरची पाण्याची रेघ

माझ्या बाबांइतका हेकट माणूस मी दुसरा पाहिला नाही. जुन्या घड्याळाची डायल ते थुंकीने साफ करायचे. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेला लावायचा आणि डायलवरून हलकेच फिरवायचा, घासायचा नाही. आई म्हणायची, "निदान गिऱ्हाइकासमोर तरी नको." ते म्हणायचे, "तुला मी स्वयंपाक शिकवतो का?" डाग पूर्ण काढायचा नाही, हाही त्यांचाच नियम. शेवटच्या डागाबरोबर आकडेही निघून येतात. काम संपलं की डायलच्या पाठीवर सुईने तारीख कोरायची.

दादाला नोकरी लागली तेव्हा बाबांनी त्याला असंच एक घड्याळ दिलं होतं. पुढे तो त्यांच्याशी भांडून घरातून गेला, त्याला आता नऊ वर्षं झाली. त्यातली आठ वर्षं आई रोज त्याची खाट झटकायची, चादर बदलायची. गेल्या वर्षी कुठे तिने मन घट्ट केलं, खाट उभी करून भिंतीला टेकवली आणि तिला जरा झोप लागायला लागली.

मग एक दिवस जुनी घड्याळं विकणाऱ्याने दुकानात पुडकं आणून टाकलं. त्यातली एक डायल काढून बाबांनी उलटी केली आणि त्यांचा हात तसाच राहिला. मी शेजारी पट्टे बसवत होते. उठून पाहिलं. पाठीवर त्यांच्याच सुईने कोरलेली तारीख, दादाच्या नोकरीच्या महिन्यातली. पुढच्या बाजूला पाण्याची तपकिरी रेघ. मशीनमध्ये बारीक रेती.

"नदीत रेती काढणाऱ्यांकडून घेतलंय," विकणारा म्हणाला. "स्टीलचा पट्टा मनगटावर असतो तसा बंदच होता म्हणे."

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "तुझ्या आईला मी सांगेन. तू बोलू नकोस."

चार दिवस ते त्या डायलवर कापूस फिरवत बसले. "अहो बाबा, थांबा आता, सगळा डाग काढू नका," मी म्हटलं. ऐकतील तर बाबा कसले. रेघ गेली, तिच्याबरोबर आकडे गेले. मग केसाएवढ्या ब्रशने त्यांनी एकेक आकडा पुन्हा लिहिला. मला वाटलं, निदान ती रेघ आईला दिसू नये म्हणून चाललंय.

पाचव्या दिवशी घड्याळ त्यांनी आईच्या हातात ठेवलं. तोंड उघडलं, आणि म्हणाले काय, तर "कुणीतरी विकायला आणलं होतं."

आईने ते लगेच ओळखलं, पदराने पुसलं, उजेडात धरलं. "किती जपून वापरलंय गं पोराने. एक डाग नाही. अडचण आली असेल, म्हणून विकलं. येईल आता."

इतका राग आला मला बाबांचा. पण मीही मूग गिळून गप्प बसले, तेव्हा कुणाला काय बोलणार.

आई भिंतीपाशी गेली.

"ये गं," ती म्हणाली. "खाट दुसऱ्या बाजूने धर."

मी धरली.