टपावरचा पोचा

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत. ती माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने हातोडीने फोडली. चुकून नाही, चांगला नेम धरून.

आम्ही दोघं डेंटर. ठोकलेल्या गाड्या सरळ करायच्या, हाच धंदा. दाराचा पोचा एकटा माणूस काढतो, पण टपाला दोघं लागतात. एकाने आत सीटवर उताणं पडून पत्र्याला खालून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने वरून हातोडी मारायची. खाली हात नसेल तर पत्रा आणखी आत जातो. पंधरा वर्षं आत मी आणि वर दादा. त्याला माझा हात दिसायचा नाही, तरी हातोडी बरोब्बर ठोकळ्यावर पडायची. मी आत पडून गाणी म्हणायचो, इतका बिनधास्त.

मग दादाच्या डोक्यात गाडी शिरली. त्याच्या मेहुण्याच्या, म्हणजे वहिनीच्या भावाच्या, घरी लग्न होतं. पाहुण्यांच्या देखत मेहुण्याने आपल्या गाडीची चावी दादाच्या हातात टाकली, "दाजी, तुम्ही गाड्यांतलेच ना, तेवढी जरा बाजूला लावा." लोक हसले. दादाने गाडी लावली, न जेवता घरी आला आणि आरशावर मूठ मारली. काचा मी वेचल्या.

सहा वर्षांनी त्याने कुणा ठेकेदाराची वापरलेली, काळी, लांबलचक गाडी घेतली. तसल्या गाड्या आमच्याकडे रोज यायच्या, चेपलेल्या, फुटलेल्या, कधी सीटवर रक्त वाळलेलं. त्यांच्या आत काय असतं ते आमच्याइतकं कोणाला माहीत? पत्रा! पण स्वतःची म्हटल्यावर दादाला तो पत्रा दिसेना. गिऱ्हाइकांच्या गाड्या उन्हात आणि ही शेडमध्ये. बसताना चपला हातात घ्यायच्या. वहिनीने एकदा दार जरा जोरात लावलं, तर भर रस्त्यात तिच्या कानाखाली वाजवली. मी तिथेच होतो. "जाऊ द्या वहिनी," एवढंच म्हणालो, मी शहाणा. आता लाज वाटते.

गाडी दाखवायला दादा-वहिनी दोघं मेहुण्याकडे गेले. तो बाहेर आला, "छान आहे हं दाजी," म्हणाला आणि फोनवर बोलत आत गेला. बस्स! सहा वर्षांची तडफड चार शब्दांत आटोपली. महिन्याभरात एका सकाळी मेहुण्याने त्याहून मोठी गाडी घेतल्याची बातमी आली.

त्याच सकाळी मी माळ्यावरून जॅक काढत होतो. हात घामेजलेला होता. जॅक निसटला तो थेट दादाच्या गाडीच्या टपावर. परातीएवढा खड्डा पडला.

"दादा, अर्ध्या तासाचं काम आहे," मी म्हणालो आणि खाली उतरून पोच्यावर बोटं फिरवायला लागलो. सवयच ती. दादा आला. माझ्या हातावर त्याने हातोडी घातली. मला आधी आवाज आला, दुखलं नंतर. मग मीही डाव्या हाताने ठोकळा उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात पडले. आम्ही एकमेकांना लोळवलं, लाथा घातल्या, चावलो. हो, चावलो! शेजारचा टायरवाला मध्ये पडला म्हणून कोणी मेलं नाही. माझं रक्त टपावरच्या खड्ड्यात साचलं होतं, आणि हा हरामखोर आधी ते पुसायला धावला. फडकं घेऊन!

दीड वर्ष आम्ही एकमेकांचं तोंड बघितलं नाही. मी सुटे भाग विकणाऱ्या दुकानात काउंटरवर बसायला लागलो. मग एक दिवस दादा तिथे आला.

"त्या टपाचा पोचा काढायचाय. आत पडतोस?"

माफी नाही, काही नाही. पण गेलो. का गेलो ते विचारू नका. भाऊ आहे मेला.

सीटवर उताणा पडलो. वाकड्या बोटांत ठोकळा बसेना, म्हणून तळव्यावर घेऊन वर दाबला. गाणं कसलं सुचतंय!

"धरलास?"

"धरलाय. मार."

हातोडी पडेना. काचेतून त्याचे पाय दिसत होते, स्टुलावर, लटलट कापणारे. माझी बोटं फोडताना न कापलेला माणूस!

"मार ना गाढवा, हात भरून आला माझा!" मी ओरडलो आणि मलाच रडू फुटलं.

हातोडी खाली फरशीवर पडली. दादा स्टुलावरून उतरला, दाराशी आला.

"पत्र्यातून तुझा हात दिसतोय रे मला," तो म्हणाला.

गाडी अजून शेडमध्ये आहे, पोच्यासकट. टपाचं काम घेऊन कोणी आलं की दादा वर न बघता सांगतो, "आमच्याकडे होत नाही."