चार्ज माझ्याकडे, मूठ धाकटीची

संध्याकाळी आमच्या चारकोपच्या घरात, हॉलमध्येच, मी सातवी-आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. त्या आठवड्यात समानार्थी शब्द चालू होते. फळ्यावर मी लिहिलं होतं: कंट्रोल, कमांड, चार्ज, अथॉरिटी, ग्रिप, अपर हँड. मुलांना सांगितलं, अर्थ साधारण एकच, एखादी गोष्ट आपल्या हातात असणं.

आतल्या खोलीत सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय लांब करून पडल्या होत्या. इंग्रजीला इतके शब्द लागतात, त्यांना एकच पुरतो, ‘हूं’. तो चढा आहे की उतरता, यावर आमचा रविवारचा स्वयंपाक ठरतो.

मुलं गेल्यावर त्यांनी हाक मारली. “यंदा मसालो तू बघ गो. माझ्यान डंकार उभ्यान रवाक जमाचा नाय.”

वर्षाचा मालवणी मसाला म्हणजे आमच्या घरची गादी. आमचा आणि कांजूरमार्गच्या धाकट्या दिरांचा, दोन्ही घरांचा तो डंकावर, म्हणजे मसाला कांडायच्या गिरणीत, एकदाच कुटून होतो. लग्न झाल्यापासून त्यातलं माझ्या वाट्याला काय आलं? मिरच्यांच्या पिशव्या उचला, देठं काढा, गच्चीवर वाळवा, कबुतरं हाका. प्रमाण काही कळलं नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नाही. सासूबाई सगळं मुठीने घालतात.

“आता मी इन चार्ज आहे,” मी नवऱ्याला ऐकवलं.

पेपरातून डोकं न काढता तो म्हणाला, “बरं. मग देठं कोण काढणार?”

देठं मीच काढली. पाच किलोंची. बोटांची आग होत होती, पण ती आगही मला मानाची वाटत होती.

रविवारी धाकटी जाऊ आली. सासूबाईंनी आम्हा दोघींना पलंगाशी बसवलं आणि मुठी मिटायला लावल्या. माझ्या मुठीवर टिचकी मारली. “ही मूठ नाय, शहाळा.” मग धाकटीची मूठ स्वतःच्या हातात घेऊन बघत राहिल्या. “ही माझी मूठ. धणे, लवंग, दगडफूल, सगळा हिनाच घालूचा. तू नुसती उभी रव आणि नजर ठेव.”

धाकटीला दोन-चारच्या बांगड्या लागतात, मला दोन-आठच्या. तिच्या लग्नात चुडा भरताना मी हे पाहिलं होतं आणि तेव्हाच मला ते आवडलं नव्हतं. इतकी वर्षं दोन वेळची कणीक मळून माझे पंजे हे असे झाले. तिच्याकडे पोळ्यांना बाई आहे. मूठ नाजूक राहणारच ना.

दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर उभी राहिले आणि मुलांना म्हटलं, गेल्या आठवड्यात मी चुकीचं सांगितलं, चार्ज आणि अथॉरिटी एक नव्हेत. पुढच्या रांगेतली मुलगी लगेच म्हणाली, “टीचर, मॉनिटर चार्जमध्ये असते, पण बाई आल्या की तिला खाली बसावं लागतं.” तिला शाबासकी दिली आणि रात्री झोपेपर्यंत तिच्यावर चिडून होते.

कुटायच्या दिवशी धाकटी अकराला यायची होती. मी सकाळी आठलाच गरम मसाले काढले आणि माझ्याच मुठीने मोजून भाजले. अंगठा आत दुमडून घेत होते, म्हणजे मूठ लहान होईल असा हिशोब. डंकावर उभी राहून कुटून घेतलं आणि मग तिला फोन केला. “नंतर गर्दी होते गं तिथे, म्हणून उरकून टाकलं.”

“बरं केलंत ताई,” ती म्हणाली. जराही रागावली नाही. अशा माणसांशी भांडायचं कसं, हे मला अजून कोणी शिकवलेलं नाही.

त्याच मसाल्यात सुरमईचं कालवण केलं. सासूबाईंनी एक घास घेतला. चढा हूं आला नाही, उतरताही नाही.

“दातांच्या डॉक्टराकडे गेल्यासारख्या वाटता,” त्या म्हणाल्या.

लवंग. माझ्या मुठीतली लवंग. नवरा खाली मान घालून पाणी पीत होता, तिसरा ग्लास. सासूबाईंनी माझ्यासमोरच, स्पीकरवर, कांजूरमार्गला फोन लावला. “गो, गेल्या वर्साचो मसालो उरलो हा काय तुझ्याकडे?”

धाकटी बरणी घेऊन आली. मी डोळे पुसत होते, कांद्यामुळे असं सांगितलं. कांदा कुठेच नव्हता. तिने नव्या मसाल्याचा वास घेतला आणि म्हणाली, “ताई, लवंग सोडून बाकी सगळं आणखी घालू, मिरचीही वाढवू. सावरेल.”

पुन्हा मिरच्या, पुन्हा देठं. ती मुठीने मोजत होती. तिची धण्यांची पहिली मूठ मी स्टीलच्या वाटीत ओतून घेतली आणि जिथवर धणे आले तिथे आतून नेलपॉलिशची रेघ मारली. दगडफूल असो की बडीशेप, वाटीत ओतली की तिची मूठ त्या रेघेपाशीच थांबत होती.

तिने पाहिलंच. “ताई, मलाही अशी एक वाटी करून द्या ना. मला तरी कुठे काय कळतं? आई म्हणतात म्हणून घालते. प्रत्येक मुठीला वाटतं, आता बिघडणार.”

मला तिची दया आली. खरंच आली. मी वाटी पुढे करणार, तेवढ्यात आतून आवाज आला, “धाकटे, आता वास बरो येता गो.”

“बघते हं,” मी तिला म्हटलं.

वाटी सध्या वरच्या फळीवर आहे, पिठाच्या डब्यामागे. तिथे धाकटीचा हात पोचत नाही.