अम्मीचा गुडघा आणि माझ्या स्प्रिंगा

अम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन बारामतीच्या डॉक्टरांनी केलं आणि गाडीचं मी. डॉक्टरांचं नीट झालं.

अम्मीला घरी, इंदापूरला आणायचं होतं. आमच्या जुन्या गाडीचे मागचे शॉकअप इतके गेलेले, की खड्डा चाकाला लागायच्या आधी मणक्याला लागायचा! अम्मीच्या नव्या गुडघ्याला धक्का बसू नये म्हणून मी जुन्या सामानाच्या बाजारातून मागच्या चाकांसाठी दणकट स्प्रिंगा आणि शॉकअप उचलले. "सगळ्या गाड्यांना बसतात," विकणारा म्हणाला. (माझं बांगड्यांचं दुकान आहे. एक माप सगळ्या हातांना बसत नाही हे मीच बायकांना रोज सांगतो!)

"इक्बालभाय, भोकं जुळत न्हाईत!" पोपटराव मेस्त्री गाडीखालून ओरडले.

"मोठी करा की!"

"स्प्रिंग बी लांब हाय. मोठ्या गाडीची दिसतीया."

"दाबून बसवा!"

बसली. जॅक काढला आणि गाडीचं मागचं अंग वर, नाक खाली! पाणी प्यायला वाकलेली बकरीच.

"वजन पडलं की मऊ व्हईल," पोपटराव म्हणाले आणि हात पुसत घाईनं आत गेले.

दवाखान्याच्या दारात अम्मीनं वॉकर टेकवून मागच्या सीटकडं मान वर करून पाहिलं.

"ह्यात बसायचं का चढायचं रं?"

"रिक्षा बोलवू का?" माझी बायको नसरीन हळूच म्हणाली.

"न्हाय! माझ्या लेकानं माझ्यासाठी केलंय. ह्यातच जाणार."

डोळे पुसतच मी समोरच्या दुकानातून पेंडीची पोती आणली आणि डिकीत टाकली. गाडी नम्रपणे खाली बसली, अम्मी अलगद आत सरकली. रस्ताभर गाडी पाळण्यासारखी चालली. अम्मीला चक्क झोप लागली! मी आरशात बघत होतो. तिला कमी, स्वतःला जास्त.

घरी पोचलो आणि दुकानदाराची सवय नडली. आधी माल उतरवायचा! शेवटचं पोतं खांद्यावर घेतलं, तेवढ्यात आतून आवाज आला,

"अरं इक्बाल, मी वर का चालली?"

दार उघडं, पाय बाहेर लोंबकळतायत आणि अम्मी अधांतरी!

"अहो, पोती टाका परत!" नसरीन किंचाळली.

टाकली. तरी दाबून बसवलेली स्प्रिंग कुठंतरी अडकली, गाडी पुरती खाली येईना. शेवटी शेजारचे धिप्पाड विठ्ठलतात्या डिकीत जाऊन बसले.

"तात्या, हलू नका!"

"मी न्हाय हलत. वहिनींना उतरवा आधी, अन् मंग मला!"

अम्मी उतरली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी. माझ्या गालावरून हात फिरवून एवढंच म्हणाली, "लई काळजी करतोस रं."

पुढं तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर थक्कच झाले. "इतक्या लवकर पायऱ्या चढताय? कसं जमवलंत?"

"जमवायलाच लागलं," अम्मीनं माझ्याकडं बोट केलं. "ह्यानं गाडी काढायच्या आत मला यष्टीत चढायचं व्हतं!"