बारा इंचांचा पीळ

आर्डिथच्या हरणाला गोळी आडवी लागली, आणि ती आडवी जाईल याची सोय मी केली होती. बंदूक तिच्या नवऱ्याची, चापावरचं बोट तिचं. पण काडतूस भरलं मी. वर "नळी मोजली" असं छाती पुढे काढून सांगितलंही मीच. मोजली नव्हती.

काडतूस गेलं मात्र व्हर्लिन स्टोकेच्या नावानं. मोंटानाच्या पूर्वेला, आमच्या गावात रुळांलगत धान्याचं उंच कोठार आहे. तिथं व्हर्लिननं एकतीस वर्षं गव्हाची धूळ खाल्ली. निवृत्त झाल्यावर गॅरेजमधल्या टेबलाशी बसून तो गावातल्या लोकांना हातानं काडतुसं भरून द्यायला लागला. पैसे घेत नसे. "पैसे घेतले की सरकार येतं, आणि सरकारला कॉफी पाजावी लागते," म्हणायचा. त्याचे नियम दोनच. बंदूक आधी माझ्याकडे आणा, आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून परत करा. पितळी पुंगळी पुन्हा पुन्हा भरता येते. ती रानात टाकून येणाऱ्याला तो "शहरी" म्हणायचा. याहून वाईट शिवी त्याच्याकडे नव्हती.

बंदूक आणायची ती नळीचा पीळ मोजायला. नळीच्या आत मळसूत्रासारखे आटे असतात. त्यांतून गोळी फिरत निघते आणि त्या फिरकीच्या जोरावर नाक पुढे धरून जाते. गोळी जितकी लांब, तितकी फिरकी जास्त लागते. कमी पडली की गोळी दारुड्यासारखी डुलते आणि शेवटी आडवी होते. व्हर्लिन साफसफाईच्या गजाला घट्ट चिंधी गुंडाळायचा, गजावर खूण करायचा आणि नळीत ढकलायचा. खूण एक फेरा मारून वर येईपर्यंत गज किती इंच आत गेला, तो त्या बंदुकीचा पीळ. इंच जितके कमी, तितकी फिरकी जास्त. हे आकडे तो बायकोच्या पाककृतींच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. लॉर्ना वारली तेव्हा डबा अर्धा भरलेला होता; उरलेला त्यानं बंदुकांनी भरला. कार्डं संपल्यावर तिच्या कार्डांच्या पाठीवर लिहू लागला. एमेट कोल्स्टाडची बंदूक 'रुबार्ब पाय' नावाच्या गोड पदार्थाच्या कृतीमागे होती.

तो एमेट मार्चमध्ये गेला. ऑगस्टमध्ये व्हर्लिनला झटका आला आणि त्याचा उजवा हात ऐकेनासा झाला. सप्टेंबरात एमेटची बायको आर्डिथ बंदूक घेऊन आली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. गावातल्या निम्म्या लोकांना तिनं पळीनं दटावलेलं आहे. तिला सोडतीत प्राँगहॉर्न हरणाच्या शिकारीचा परवाना लागला होता आणि या वर्षी ती पहिल्यांदाच एकटी जाणार होती.

"हात तुझे, डोकं माझं," व्हर्लिन मला म्हणाला. मी शेजारचा, शेतीच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर उभा राहणारा. "आधी नळी मोज. कार्डावर विसंबू नकोस, माझ्यावर तर मुळीच नको."

दुसऱ्या दिवशी तो हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात गेला आणि मी टेबलाचा राजा झालो. फोनवर वाचलं: या काडतुसाच्या बंदुकांत पीळ नऊ इंचांचा असतो, लांब गोळी छान चालते. नव्या बंदुकांत असतो, हे खरं. एमेटची बंदूक त्याच्या बापाची होती, हे फोनला ठाऊक नव्हतं. मला होतं. तरी मी वीस काडतुसं भरली, लांब गोळीची, आणि खडीच्या खाणीत जाऊन तीन कागदावर झाडली. भोकं जराशी लांबट दिसली.

"कागद बघू," व्हर्लिन परत आल्यावर म्हणाला.

"दुकानात राहिला. तिन्ही जवळजवळ बसल्यात."

"आणि नळी?"

"मोजली ना."

त्यानं डाव्या हातानं काडतुसांचा डबा बंद केला. "बरं, प्रोफेसर," म्हणाला.

ऑक्टोबरात हंगाम उघडला त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. नऊ वाजता आर्डिथचा ट्रक व्हर्लिनच्या दारात थांबला. ती नारिंगी जाकिटातच आत आली आणि बसली नाही.

"जखमी झालं," ती म्हणाली. "गोळी मागे लागली, पोटाजवळ. कळपाबरोबर निघून गेलं. एमेटनं सव्वीस वर्षांत एकही जखमी सोडलं नाही, व्हर्लिन. मी पहिल्याच दिवशी सोडलं."

"टेकून झाडलीस?"

"पिशवीवर टेकून. श्वास सोडून. तो सांगायचा तशी. माझेच हात हलले असणार, दुसरं काय."

व्हर्लिननं मान वळवली. "प्रोफेसर, तो कागद आण."

कागद माझ्या ट्रकमध्येच होता. त्यानं भिंग डोळ्याला लावलं आणि डाव्या हातानं कागद खिडकीशी धरला.

"हे भोक गोल आहे?"

"नाही."

"मग काय आहे?"

"मला वाटलं, कागद ओला असेल."

"उकाड्यात ही गोळी कशीबशी तग धरून होती. आज हवा गार, जड. आज आडवी झाली." कागद त्यानं घडी करून खिशात घातला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो आर्डिथकडे वळला. "तुझा नेम नव्हता चुकला. काडतूस चुकलं. माझ्या टेबलावरचं."

मी भिंग उचलून जागेवर ठेवलं.

व्हर्लिननं खणातून सहा जुनी काडतुसं काढली, आखूड गोळीची, एमेटसाठी भरलेली. "चला. कोल्ह्यांच्या आधी पोचायचंय."

"तुम्ही गाडीत बसा, मी शोधतो," मी म्हणालो.

"तू शोधशील? तुला तर नळीत बारा इंच सापडले नाहीत."

आम्ही जिथं रक्त पडलं होतं तिथून निघालो. व्हर्लिनचा पाय घसटत होता; झुडपांतून त्याच्यामागे एक सलग रेघ उमटत होती. थोडं चाललं की तो थांबायचा, धाप टाकायचा आणि जमिनीकडे बघतोय असं दाखवायचा. आर्डिथ त्याच्यासाठी थांबायची आणि बूट बांधतेय असं दाखवायची. दुपारपर्यंत तिनं ते बूट सात वेळा बांधले. रक्ताचे थेंब विरळ होत गेले आणि मग दिसेनासे झाले.

"आता?" आर्डिथचा आवाज बारीक झाला होता.

"आता कुंपण," व्हर्लिन म्हणाला. ही हरणं वाऱ्यासारखी पळतात, पण कुंपणावरून उडी मारत नाहीत. खालच्या तारेखालून सरपटत जातात. "कळप गेला असेल. पोट दुखणाऱ्याला वाकता येत नाही."

तीन वाजता ते दिसलं. तारेला लागूनच बसलं होतं, मान ताठ, तोंड पलीकडे. पलीकडे माळावर त्याचा कळप चरत होता. एवढं अंतर मी याआधी कधी पाहिलं नव्हतं.

व्हर्लिननं आर्डिथच्या हातात एक काडतूस ठेवलं. "हे एमेटचं आहे. सावकाश."

एकच आवाज झाला. मान खाली गेली.

आर्डिथ त्याच्यापाशी जाऊन गुडघ्यांवर बसली आणि मानेवरचे ताठ केस हातानं सारखे करत राहिली. मी तिच्यामागे उभा राहिलो. "काडतूस मी भरलं होतं," म्हणालो. "नळी मोजली नाही. व्हर्लिनशी खोटं बोललो."

"ठाऊक आहे," ती मागे न बघता म्हणाली. "त्याला शर्टाची गुंडी लावता येत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. सकाळीच बोलला असतास तर सहा तास मी स्वतःला शिव्या दिल्या नसत्या." मग म्हणाली, "चाकू आहे का? का तोही फोनवर बघतोस?"

मागच्या पायांचं बरंच मांस फुकट गेलं होतं. व्हर्लिन खांबाला टेकून बसला होता, राखेच्या रंगाचा. "पुंगळी," तो म्हणाला.

आर्डिथनं बंदूक रिकामी करायला मागचा बोल्ट, म्हणजे दट्ट्या, ओढला तेव्हा ती झुडपात कुठंतरी उडाली होती. मी रांगत शोधली. अंधारून येईपर्यंत मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी लांब गोळीची उरलेली सोळा काडतुसं व्हर्लिननं माझ्याकडून एकेक उकलून घेतली. मग गज हातात दिला. मी चिंधी गुंडाळली, खूण केली, ढकलला. खूण फिरून वर आली तेव्हा टेप लावला. बारा.

"मोठ्यानं," व्हर्लिन म्हणाला.

"बारा इंच."

"हं. आता मोजलीस."

जानेवारीत दुसरा झटका आला आणि त्यातच तो गेला. लॉर्नाचा डबा आर्डिथकडे आहे. रुबार्बचं कार्ड तिनं मला दाखवलं. मागे पिळाच्या आकड्याखाली, डाव्या हातानं काढलेल्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलंय: सहा दिली. पाच आली. एक प्रोफेसरकडे.

बर्फ वितळलं की मी त्या कुंपणाशी जातो. आतापर्यंत हरणांच्या शिंगांची गळलेली टरफलं मिळाली, कुणाचा तरी हातमोजा मिळाला, आणि पुंगळ्या दोन मिळाल्या. दोन्ही भलत्याच बंदुकीच्या.