राजाच्या गुडघ्यावरची खाच

आमच्या वस्तीजवळ, बोरीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एक दगडी मूर्ती आहे. नाक झिजलेलं, एक हात गेलेला. फार जुन्या काळी इथं एक न्यायी राजा होऊन गेला, त्याचीच ती, असं सगळे मानतात. ऊसतोडीला निघण्याआधी आमची माणसं त्याच्या उजव्या गुडघ्यावर कोयत्याला धार लावायची. घासून घासून तिथं बोटभर खोल खाच पडली होती. आणि ज्याची तोड कायमची थांबली, त्यानं त्याच खाचेत कोयत्याची धार मोडायची. धार मोडली की माणूस सुटला.

मग गावातल्या शहाण्यांनी समिती केली. जन्मात ऊस न तोडलेल्यांची समिती! त्यांनी खाचेत सिमेंट भरलं, राजाला सोनेरी ऑइलपेंट फासला, झुपकेदार मिशा रंगवल्या, भोवती जाळी ठोकली आणि पाटी लावली: 'मूर्ती विद्रूप करू नये.' माझं डोकंच फिरलं. मिशा रंगवणारे भक्त, आणि विद्रूप करणारे आम्ही?

गेल्या दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या, पण आई गेली नाही. तिची कंबर वाकत नव्हती. कोयता घेऊन ती मूर्तीकडं गेली आणि जाळीचं कुलूप बघून परत आली.

"धार हाय तवर मी मोकळी न्हाई," रोज म्हणायची.

मी वैतागून म्हणालो, "माय, दुसऱ्या दगडावर मोड की."

"दुसऱ्या दगडानं मला कवा धार दिली?"

मी समितीच्या अध्यक्षांचं किराणा दुकान गाठलं. "मूर्ती सगळ्यांची हाय, एकट्याची न्हाई," ते म्हणाले. मग किल्ली तुमच्या एकट्याच्या खिशात कशी, असं मी विचारलं. गिऱ्हाइकं हसली. चारचौघांत नाही म्हणता येईना, म्हणून ते किल्ली घेऊन मूर्तीपाशी आले. पण फक्त पाया पडायचं, ही अट घालून.

आई पाया पडली. मग तिनं पदराआडून कोयता काढला आणि धार खाली धरून गुडघ्यावर खसाखसा घासायला लागली.

"ओ मावशी, काय करायलाव?" अध्यक्ष ओरडले.

रंगाचे पोपडे उडाले, सिमेंट सुटलं. धार गेली तरी ती थांबली नाही. खाच मोकळी झाल्यावर तिनं आत बोट फिरवलं आणि बोथट कोयता अध्यक्षांच्या हातात दिला.

"घ्या ठिवून. आता ह्यानं कुणाचं कायबी बिघडत न्हाई."