लेओकादियाचा हलका हात

सान पेद्रोच्या साखर कारखान्यामागं आमची वस्ती आहे. तिथं इंजेक्शन घ्यायचं तर दवाखान्याच्या रांगेत उभं राहायचं नसतं. औषध आपलं आपण आणायचं आणि निळ्या दाराच्या घरी जायचं. तिथं लेओकादिया असते, सगळ्यांची दोन्या लेओ, म्हणजे लेओबाई. तिचा हात इतका हलका, की टोचल्याचं कळायच्या आत ती कापूस चोळत असते. उसाच्या फडात जन्म काढलेले, कोयत्याला न भिणारे दांडगे गडी सुई बघितली की थरथर कापतात. तेही म्हणतात, "टोचायचं तर दोन्या लेओनं टोचावं. नाहीतर आजारानं मेलेलं बरं."

पण वस्तीनं तिला डोक्यावर घेतलं ते नुसत्या हातासाठी नव्हे, तिच्या तोंडासाठी. लेओकादिया विचारत नसे. बाटलीत काय आहे, कशासाठी आहे, डॉक्टरनं दिली की शेजारणीनं, काही म्हणजे काही नाही. एखाद्या बाईला सहावं मूल नको असायचं, एखादा नवरा परगावाहून नको तो आजार घेऊन यायचा. आमची घरं फळ्यांची, एका घरातली शिंक दुसऱ्या घरात ऐकू जाते. अशा ठिकाणी न विचारणारी बाई मिळणं म्हणजे भाग्यच. "औषध ज्याचं त्याचं, सुई माझी," असं ती म्हणायची आणि तोंडात मिठाची गुळणी धरायची. याला ती सभ्यता समजायची. आम्हीही तेच समजायचो, आणि तिथंच आमचं सगळ्यांचं चुकलं.

तिच्याकडं सगळ्यात जास्त यायच्या त्या व्हिटॅमिन घेणाऱ्या म्हाताऱ्या. ते औषध लालभडक असतं, जास्वंदीच्या सरबतासारखं. टोचल्यावर कापसाचा बोळा गुलाबी होतो. रेनिएलच्या आजीला ती दर शनिवारी ते द्यायची, आणि आजीचा पदर... छे, आमच्याकडं पदर कुठला, आजीच्या झग्याचं टोक धरून रेनिएल शेजारी उभा असायचा. बोळा टाकायच्या आधी तो हात पुढं करायचा. त्याला तो गुलाबी रंग आवडायचा.

रेनिएलची आई बाळंतपणातच गेली. बाप्तिस्म्याला मूल हातात धरलं ते लेओकादियानं, म्हणून ती त्याची मादरीना. आमच्यात मादरीना नावापुरती नसते. ज्या बाईनं मूल हातात धरलं, ती त्या मुलासाठी देवापुढं जामीन राहिली. ती दिसली की मुलानं आधी आशीर्वाद मागायचा, बाकीचं नंतर. आणि तिनंही "देव तुझं भलं करो" म्हणायचंच, मग दोघांचं कडाक्याचं भांडण का असेना. लेओकादियाला स्वतःचं मूल नव्हतं. आजी गेल्यावर रेनिएल तिच्याच घरी जेवायला असायचा. भात, राजमा आणि तळलेली केळी त्याच्या ताटात वाढून ती समोर बसायची आणि त्याची हाडं बघून हळहळायची.

कारण पोरगा सुतळीसारखा होता. झाडूच्या दांड्यानं बाटलीची टोपणं असली फटकवायचा, की ती कारखान्याच्या कुंपणापार जायची. नजर होती, मनगट होतं, अंगावर मांस तेवढं नव्हतं. अशा पोरांवर तिर्सोचा डोळा असायचा. तो पोरं हेरायचा, त्यांना खाऊपिऊ घालून तयार करायचा आणि अमेरिकेतल्या बेसबॉल संघांच्या माणसांपुढं उभी करायचा. पोरगा निवडला गेला की त्याचा वाटा त्याला मिळायचा. वाईट म्हणावा तर पोरांना पोटभर जेवू घालणारा तोच एक होता. चांगला म्हणावा, तर पुढचं ऐका.

एके दिवशी तो बाटली घेऊन लेओकादियाकडं आला. बाटलीवरची चिठ्ठी खरवडून काढलेली होती.

"दोन्या लेओ, पोराला जरा अंग धरू दे. व्हिटॅमिन आहे."

"मी विचारलं का तुला?" ती म्हणाली.

तिनं बाटली उजेडात धरली. आत फिकट पिवळं, तेलासारखं काहीतरी होतं. आणि मग तिच्या तळव्यांनी आपसूकच ती बाटली घासून ऊब द्यायला सुरुवात केली. तिचा मेलेला नवरा फाउस्तो कारखान्याच्या बैलांचं बघायचा. गाडीला जुंपायच्या आधी मरतुकड्या बैलांना तो हेच टोचायचा, आणि तेल पातळ व्हावं म्हणून बाटली तिच्या हातात द्यायचा. तिच्या हातांनी ओळखलं. तोंड मात्र गप्प राहिलं.

संध्याकाळी रेनिएल आला.

"आशीर्वाद दे, मादरीना."

"देव तुझं भलं करो. वळ तिकडं, आणि अंग सैल सोड."

तो वळला, आणि भिंतीकडं तोंड करूनच म्हणाला, "यात काय आहे गं?"

तिच्या उभ्या आयुष्यात तिनं कुणाला विचारलं नव्हतं, आणि तिलाही कुणी विचारलं नव्हतं. एकदाच कुणी विचारलं, तेही तिच्या पोरानं. तिला त्या क्षणी ऊस दिसला. काळ्या राखेत माखलेले, पन्नाशीतच वाकलेले वस्तीतले पुरुष दिसले. हा त्यांच्यातला होऊ नये, एवढंच तिला वाटलं.

"व्हिटॅमिन," ती म्हणाली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पोराचे खांदे दारात मावेनात. अमेरिकेला गेला, तिथल्या मोठ्या मैदानांवर असले टोले हाणू लागला, की टीव्हीवरचा समालोचक किंचाळायचा आणि इकडं आमची कुत्री भुंकायची. हिवाळ्यात खेळ संपला की तो घरी यायचा, आणि दर हिवाळ्यात तिर्सोची बाटलीही यायची. लेओकादियाच्या पत्र्याच्या जागी पक्कं छप्पर आलं. फ्रीज आला. ती सगळ्यांना अभिमानानं दाखवायची, आणि एकटी असली की त्या छपराकडं बघायची नाही.

मग तिकडं चौकशी लागली, खेळाडू ताकदीची बंदी घातलेली औषधं टोचून घेतात म्हणून. चौकशीत कुणीतरी तोंड उघडलं आणि रेनिएलला शपथेवर उभं केलं. तो म्हणाला, "जाणूनबुजून मी काही घेतलेलं नाही. व्हिटॅमिन म्हणून टोचलं, मी टोचून घेतलं." कुणी टोचलं, असं विचारल्यावर मात्र गडी मुका झाला. नाव सांगणार नाही म्हणाला. सरकारी वकील म्हणाले, नाव नाही म्हणजे तसं माणूसच नाही, हा धडधडीत खोटं बोलतोय. खटला भरला तो औषधाचा नाही, शपथेवर खोटं बोलल्याचा. त्याला तुरुंग असतो.

आमच्याकडं दुकानाच्या दारातल्या डॉमिनोच्या टेबलावर सगळे खटले आधी चालतात.

"अरे सगळेच घेतात. आपला सापडला, एवढंच," एकानं सोंगटी आपटली.

"तोंड सांभाळ. मादरीनानं वाढवलेलं पोर आहे ते. खोटं बोलायचं नाही."

तेवढ्यात लेओकादिया केळ्यांचा घड घेऊन समोरून गेली आणि टेबल गप्प झालं. सुई कुणाची, हे वस्तीत एकूण एकाला ठाऊक होतं. पण न विचारायची सवय आम्हाला तिनंच लावलेली. तिर्सो तर केव्हाच पसार झाला होता.

राजधानीहून पेगेरो नावाचा वकील आला. अंगणातल्या आरामखुर्चीत बसून त्यानं तिच्या हातची कॉफी घेतली.

"दोन्या, आम्हाला एकच माणूस हवाय. ज्यानं टोचलं त्यानं कोर्टात येऊन एवढंच सांगायचं, की पोराला मी व्हिटॅमिन म्हणून सांगितलं होतं, त्याला काही माहीत नव्हतं. पोरगा सुटतो. तो नाव घेत नाही. तुम्ही त्याची मादरीना, तुम्हाला काही अंदाज?"

"मी म्हातारी बाई, मला काय कळतंय त्यातलं?" लेओकादिया म्हणाली. "साखर घालू अजून?"

वकील गेला आणि ती कप धुवायला बसली. तिला तुरुंगाची भीती नव्हती असं नाही. लोक काय म्हणतील याचीही होती. पण खरी भीती वेगळीच होती. वकिलाला सांगायचं म्हणजे रेनिएलला कळणार, की बाटलीत काय आहे ते मादरीनाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो तिथं तिचं नाव पोटात ठेवून तुरुंगात चालला होता, आणि इथं ती त्याच्यापासूनच लपत होती. या विचारानं तिला अन्न गोड लागेना.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. तिचा हात जड झाला. शेजारच्या बिएनवेनीदानं नातवाला आणलं, तर पोर किंचाळून मांडीवरून खाली उतरलं.

"काय गं दोन्या लेओ," बिएनवेनीदा हसत म्हणाली, "माणसाचं पोर आहे ते. बैलाला टोचतेस की काय?"

लेओकादियाच्या हातातली सुई खाली पडली. त्या दिवसापासून तिनं निळं दार लावून घेतलं. औषध घेऊन आलेल्यांना ती आतूनच सांगायची, "हात दुखतोय. दुसरीकडं जा." दुसरीकडं म्हणजे कुठं, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

नाताळापुरती कोर्टानं रेनिएलला घरी यायची परवानगी दिली. घराघरात डुक्कर भाजायला लावलं होतं, सकाळपासून धूर आणि गाणी. लोकांनी त्याला रस्त्यातच गराडा घातला. तो सगळ्यांना मिठ्या मारत, हसत, शेवटी निळ्या दारापाशी आला. आत आल्यावर त्यानं दार लोटलं, आणि मग तो हसत नव्हता.

"आशीर्वाद दे, मादरीना."

लेओकादियानं तो दिला नाही. आमच्या वस्तीत असं कधी झालेलं नाही.

"आधी ऐक. मग ठरव, माझा आशीर्वाद हवा की नको." ती उभीच होती. "ते व्हिटॅमिन नव्हतं. फाउस्तो बैलांना द्यायचा ते होतं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तू मला विचारलंस, आणि मी तुझ्याशी खोटं बोलले. मी वकिलाकडं जाते. देवाची शपथ घेऊन सांगते, की पोराला काही ठाऊक नव्हतं, सगळं पाप माझं. तू सुटशील."

रेनिएल त्या बुटक्या स्टुलावर बसला, ज्याच्यावर बसून लोक टोचून घेत. स्टूल करकरलं.

"खरं सांगू? मी हेच मागायला आलो होतो. वकिलानं तुझं नाव ओळखलंच होतं. म्हणाला, पाया पड, रड, काय वाटेल ते कर, पण तिला घेऊन ये. विमानात सगळं घोकत आलो."

"मग झालं तर! मी तयार आहे. चप्पल घालते."

"थांब, मादरीना." त्यानं तिचा हात धरला. "व्हिटॅमिन लाल असतं गं."

तिला आधी कळलं नाही.

"आजीला द्यायचीस ना तू? तो गुलाबी बोळा मी मागून घ्यायचो. माझा बोळा कधीच गुलाबी झाला नाही. एकदाही नाही."

लेओकादिया पलंगाच्या कडेवर बसली.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. सुईत भरताना पिवळं दिसलं होतं."

"आणि शपथेवर..."

"खोटं बोललो. नाव घेतलं नाही ते तुझ्यासाठी, असं मी स्वतःला सांगत होतो. तुला बोलावून खोदून विचारलं असतं, तर आजीचं लाल व्हिटॅमिनही निघालं असतं आणि माझंच खोटं उघडं पडलं असतं, हेही होतंच की." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आता तू जाशील, आणि खरं समजून शपथ घेशील. मी समोर बसून ते बघायचं? इथं येईपर्यंत वाटत होतं, जमेल. तुझं तोंड बघितलं आणि नाही जमत."

"पण माहीत होतं, तर मला विचारलंस कशाला? यात काय आहे म्हणून?" तिनं विचारलं.

बाहेर कुणीतरी त्याच्या नावानं गाणं म्हणत होतं.

"वाटलं, तू म्हणशील, घेऊ नकोस," तो म्हणाला. "मला भीती वाटत होती गं. तू नको म्हणाली असतीस, तर मी तिर्सोला सांगणार होतो, मादरीना नको म्हणते. तू व्हिटॅमिन म्हणालीस. मग मी म्हटलं, हिला चालतंय, तर चालत असेल."

लेओकादियाला वाटलं, त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. इतके दिवस ती समजत होती, की आपण एका भाबड्या पोराला फसवलं. त्यानं तर तिच्यापुढं सगळा जन्म ठेवून विचारलं होतं, आणि तिच्या हातात फक्त एक 'नको' म्हणायचं होतं.

"मी जाऊन सांगणार आहे, मला माहीत होतं म्हणून," रेनिएल उठला. "तुझं नाव येणार नाही."

"येऊ दे," ती म्हणाली. "माझं मी सांगेन, जसं होतं तसं. पण ते तुला तुरुंगात टाकतील रे."

"टाकतील."

तो दारापाशी गेला. घरातून निघताना मागायचा म्हणून, जन्माच्या सवयीनं म्हणाला, "येतो. आशीर्वाद दे, मादरीना."

तिच्या ओठांवर ते शब्द येईनात. देवापुढं त्याच्यासाठी जामीन राहिलेली बाई, कुठल्या तोंडानं बोलणार? ती पलंगावरून उठली, त्याच्यापुढं आली आणि तिनं मान खाली घातली.

"आज तू दे, पोरा."

मोठ्यांनी लहानांकडं आशीर्वाद मागायची आमच्यात रीत नाही. रेनिएल गोंधळला. कुणी बघत नाही ना, म्हणून त्यानं मागं वळून दाराकडं पाहिलं. मग त्यानं आपला तो भला थोरला पंजा तिच्या पांढऱ्या केसांवर ठेवला.

"देव तुझं भलं करो, मादरीना."

हात त्यानं अगदी हलका ठेवला होता. तरी ती कळवळून रडली.