मापापुरते शब्द

आमच्या नणंदेला घरात सगळे भुंगी म्हणतात, कारण ती सतत काहीतरी गुणगुणत असते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटलं, फ्रीज बिघडलाय. गाणी तीच लिहिते, चाली तीच लावते आणि गातेही तीच. हल्ली हे सगळं एकटीच्या बळावर करते. मधली काही वर्षं गाण्यांच्या एका मोठ्या कंपनीत तिचं नाव झालं होतं, पण त्या नावाचा विषय निघाला की ती पाणी प्यायला उठते. का, ते मी सांगते.

त्या वेळी माझे सासरे पंख्यांच्या कारखान्यात फोरमन होते. म्हणजे नव्हते. कारखान्याने त्यांना घरी बसवलं होतं, पण बाबा काही घरी बसले नाहीत. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट, हातात डबा, आणि जिना उतरताना सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "निघतो मी, आज जरा उशीर होईल." संध्याकाळी परत. आम्हा घरच्यांना सगळं ठाऊक होतं, शेजारपाजारच्यांना नव्हतं. बाबांची मान खाली जाऊ नये म्हणून आम्हीही काही ठाऊक नसल्यासारखं वागायचो. निदान आमची समजूत तशी होती.

भुंगी तेव्हा कंपन्यांचे उंबरठे झिजवत होती. चाल आधी सुचली, तर खरे शब्द सापडेपर्यंत हाताशी येतील ते शब्द तिच्यात भरून ठेवायचे, ही गाणं करणाऱ्यांची रीत. त्यांना ते डमी म्हणतात. अर्थाशी घेणंदेणं नाही, मापात बसले म्हणजे झालं. एका सकाळी तिला झकास चाल सुचली आणि तेवढ्यात जिन्यातून बाबांचा आवाज आला. तिने तोच भरला:

डबा भरा, निघतो मी,
आज जरा उशीर होईल,
कुठे जातो विचारू नका,
जाईन तिथे दिवस जाईल.

चाल कंपनीच्या साहेबाकडे गेली आणि त्याचा फोन आला. शब्दांसाठी थोडी मुदत मागावी, असं भुंगीच्या मनात होतं. तो म्हणाला, "शब्दांना हात लावायचा नाही. लोक नाचतील यावर." मी तिथेच भाजी निवडत बसले होते. तिने बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ठीक आहे, सर." मला तिचा राग आला. पण इतक्या वर्षांनी पोरीचं नशीब उघडतंय म्हणून मीही काहीतरी गोड करायला घेतलं.

लोक नाचले. दुकानांत, बसमध्ये, वाढदिवसांना, जिथे जावं तिथे तेच गाणं. व्हिडिओत एक जाडा माणूस डबा घेऊन गोल गोल फिरायचा आणि आपटायचा. आमच्या जिन्यातल्या लोकांना मात्र काही समजावून सांगावं लागलं नाही. खालचा इस्त्रीवाला मनाने वाईट नाही, तो फक्त हसत म्हणाला, "काका, आज कुठे ते विचारू नको ना?" बाबाही हसले. मग मागे फिरले, वर आले, डबा ओट्यावर ठेवला आणि त्यानंतर पुन्हा निघाले नाहीत.

भुंगीला ते एका शब्दाने बोलले नाहीत. चारचौघांत कानाखाली दिली असती तर सुटले असते, असं ती मला म्हणायची. तिचं गुणगुणणं थांबलं. ती लाजेने अर्धी झाली, स्वतःच्याच घरात चोरासारखी वावरायची आणि बाबांचं जेवण झाल्यावर ताटावर बसायची.

गाणं मागे घ्या म्हणून ती कंपनीत गेली. पण सही करून बसलेली, गाणं आता तिचं राहिलंच नव्हतं. साहेबाने चहा मागवला आणि विचारलं, "घरातलं असं आणखी काही आहे का? आईबिई?" ती तिथून उठली ती कायमचीच.

आता ती दिवसा एका शाळेत गाणं शिकवते. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून कपाटात, रजयांमध्ये डोकं खुपसून रेकॉर्डिंग करते. बोलावतील तिथे गाते, कधी ग्रंथालयात, कधी कुणाच्या बाहेरच्या खोलीत. घरातल्या माणसाचा शब्द गाण्यात घ्यायचा नाही, एवढं एक पाळते. त्यामुळे तिची बरीच गाणी झाडांविषयी असतात. झाडांतलं तिला ओ की ठो कळत नाही, हे मी तिच्या तोंडावर सांगते.

परवा ग्रंथालयात दुपारचा कार्यक्रम होता. बाबा आपणहून म्हणाले, "मीही येतो." मी आणि ते शेवटच्या रांगेत बसलो. मध्येच एक गृहस्थ म्हणाले, "ते डब्याचं होऊन जाऊ द्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. भुंगीने आमच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "ते मी गात नाही." पुढच्या गाण्याचं कडवं तिला आठवेना. दोनदा अडखळली, मग तिने कसंबसं आटोपतं घेतलं.

लोक गेल्यावर ती वायरी गुंडाळत होती. बाबा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"त्यातलं सगळंच माझं नाही," ते म्हणाले. "विचारू नका, असं मी कधीच म्हणालो नव्हतो. ते तू घातलंस."

"मापात बसत होतं, बाबा." तिचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"मला वाटायचं, कुणीतरी विचारेल."

मी खुर्च्या मिटत होते. हातातली खुर्ची तशीच धरून उभी राहिले, कारण मान वर करायची माझीही हिंमत नव्हती.

"कुठे जायचात, बाबा?" भुंगीने विचारलं.

"मोठ्या दवाखान्यात. बाहेरच्या बाकांवर. तिथे बसलेल्या माणसाला, का बसलात म्हणून कुणी विचारत नाही. एकदा तू आली होतीस. गळ्याला मफलर. मी खांबामागे गेलो. बाहेर आलीस तेव्हा रडत होतीस. पुढे येणार कसा? मी तिथे काय करतोय, ते सांगावं लागलं असतं."

भुंगीच्या हातातली वायर खाली पडली. बाबांनी वाकून ती उचलली आणि तिच्या हातात दिली.

"काय झालं होतं गं तुझ्या घशाला?"